‘आम्ही’ म्हणजे कोण?

प्रिय चिमणे,

तू, मी आणि गेटबाहेर सदतीस दिवस उन्हात बसलेला प्रत्येक कामगार, आपल्या सगळ्यांची जखम एकच आहे. आपला संप फुटला. मालकाने फोडला असता तर इतकं लागलं नसतं, मालकाचा तो धंदाच आहे. पण अडतिसाव्या दिवशी सकाळी मान खाली घालून लहान दरवाजातून जो आत गेला, तो आपला माणूस होता. आपला मिस्त्री. मालकाच्या माणसाने त्याचा फोटो काढला, दुपारपर्यंत तो वस्तीतल्या भिंतीभिंतीवर चिकटला, आणि तिसऱ्या दिवशी कामावर परत जाणाऱ्यांची रांग लागली. तुझं पत्र वाचताना माझ्याही मुठी वळल्या, खोटं कशाला बोलू? मी तिथे असतो तर आपण दोघा बहीणभावांनी मिळून त्याला अशा शिव्या घातल्या असत्या की आईने कानांत बोटं घातली असती.

येत्या रविवारी सभा आहे. मिस्त्रीला युनियनमधून काढायचा ठराव तू मांडणार आहेस. ठरावाचं शेवटचं कलम असं, की यापुढे एकही कामगार त्याच्याशी बोलणार नाही आणि त्याच्या घरच्यांना कुणी आपल्या दारात उभं करणार नाही. ठरावाला धार यावी म्हणून तुला माझं पत्र हवं आहे. “दादा, तू कामगारांच्या राज्यात राहतोस, तुझ्या शब्दाला वजन आहे. असं जळजळीत लिही की सभा पेटली पाहिजे.” एवढं लिहून खाली दोन रेघा मारल्यास. चिमणी म्हणवून घेतेस, पण आवाज भोंग्याचा आणि अक्षरही भोंग्याचंच!

लिहितो. आपला वेल्डर मुदत संपवून परत निघाला आहे. त्याच्या पिशवीतून हे पत्र येईल आणि शुक्रवारी तुझ्या हाती पडेल. टपालाने धाडलं असतं तर ते तुझ्याआधी आणखी कुणीतरी वाचलं असतं. आज सुट्टी आहे, सकाळची कोवळी उन्हं टेबलावर आली आहेत, आणि शेजारच्या खोलीतला फिटर साबण लावून गातो आहे. म्हणजे अजून तासभर तरी मला कुणी हाक मारणार नाही.

आधी इथलं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं तुला कळायचं नाही. मी इथे आलो तेव्हा तू स्टेशनवर म्हणाली होतीस, “दादा, नीट बघ. आपण भाषणात जे सांगतो ते खरंच असतं का, ते बघून ये.” बघितलं. असतं. मालक नसलेला कारखाना मी या डोळ्यांनी पाहिला, त्यात या हातांनी काम केलं. आपल्यासारखाच पंपांचा कारखाना, तसेच लेथ, तोच कूलंटचा आंबूस वास. पण शॉपच्या भिंतीला लागून पाळणाघर आहे. बाया लेथ थांबवून जातात, लेकराला पाजून येतात, आणि कुणी घड्याळाकडे बघत नाही. डॉक्टर कारखान्यातच बसतो. राहायला दोन खोल्या मिळाल्या, चौथ्या मजल्यावर, दार ओढलं की आपल्यासाठी बंद होणारं दार. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कामावरून काढतील ही भीती इथे कुणाच्या डोळ्यांत नाही. एकाच्याही नाही. ज्या भीतीशी आपला बाप आयुष्यभर झोंबला ती इथल्या पोरांना समजावून सांगावी लागते. पहिले तीन महिने मी प्रेमात पडलेल्या माणसासारखा हिंडत होतो. उद्या मला कुणी विचारलं की तुझी बाजू बदलली का, तर मी छातीवर हात ठेवून सांगेन, तसूभरही नाही. हे नीट लक्षात ठेव आणि मग पुढचं वाच.

माझ्या शेजारच्या लेथवर एक बाई होती. होती म्हणतो, त्याचं कारण येईलच. साठीला आलेली, हातांवर तेलाच्या काळ्या रेघा कायमच्या मुरलेल्या. मी तिला मावशी म्हणायचो. पहिल्याच दिवशी तिने माझ्या मशीनवरचं टूल काढलं, उजेडाकडे धरलं, आणि मी केलेली इस्त्री बघून आई जसं तोंड करायची तस्सं तोंड केलं. बारा वर्षांचा टर्नर मी! माझ्या देखत तिने ते पुन्हा घासून धार लावून दिलं. त्या धारेने बीड असं कापलं जायचं की चुरा गप्प गळून पडावा. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नाही. आमच्यामध्ये दुभाषीणबाई होत्या. त्या मूळच्या शाळामास्तरीण, आपली भाषा पुस्तकांतून शिकलेल्या. त्या बोलायला लागल्या की सरकारी परिपत्रकाला वाचा फुटल्यासारखं वाटतं. “आपण क्षुधित आहात काय?” असं विचारतात. आपला वेल्डर त्यावर दोन दिवस हसत होता.

जेवणाच्या हॉलमध्ये भिंतभर एक पाटी आहे. आपल्याकडून इथे आलेल्या आम्हा बाराजणांसाठी ती आपल्या अक्षरांत लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी अर्थ सांगितला: हा कारखाना आपला आहे. मी सहज विचारलं, आपला की आमचा? त्यांना प्रश्नच कळेना. त्यांच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द. मग मी समजावलं, की बाई, दारात पाहुणा उभा असताना ‘आम्ही जेवतोय’ म्हटलं तर त्याने बाहेर थांबायचं, आणि ‘आपण जेवू’ म्हटलं तर हात धुऊन पाटावर यायचं. ‘आम्ही’ म्हणजे तुला सोडून, ‘आपण’ म्हणजे तुला धरून. मावशी शेजारी बसली होती. तिने बाईंकडून सगळं वदवून घेतलं आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग पाटीकडे बोट दाखवून तिने मला खुणेने विचारलं, यांतलं कोणतं? मी छाती फुगवून लिहिलं, ‘आपला’.

त्या दिवसापासून ते दोन शब्द आमच्या दोन लेथांमधला खेळ झाले. थर्मासमधला चहा ओतला की मावशी म्हणायची, “आपण.” कारखान्याचे मोठे साहेब पाहुणे घेऊन शॉपमधून फिरायला लागले, आम्ही हे केलं, आम्ही ते केलं सांगू लागले, की ती मान न वळवता पुटपुटायची, “आम्ही.” उच्चार असा काही, की मला हसू दाबायला लेथच्या चकवर वाकावं लागायचं. सव्वा वर्षात मला माझ्या भाषेत विनोद करणारी इथली एकच व्यक्ती भेटली, आणि तिला त्या भाषेतले दोनच शब्द येत होते.

आता पंपांचं. ओतकाम बिघडलं की पंपाच्या बॉडीत पोकळ्या राहतात, हे तुला सांगायला नको. वरून गुळगुळीत, टूल आत गेलं की भोकं दिसतात. आपल्याकडे असला माल बाद. इथे महिन्याचा आकडा वरून ठरून येतो आणि तो गाठायचाच असतो. मग पोकळीत लुकण भरायचं, वरून रंग मारायचा, आणि मोजायचं चांगल्यात. मावशी अशा प्रत्येक बॉडीवर खडूने फुली मारायची. फोरमन फडक्याने पुसायचा. ती पुन्हा मारायची. असं कितीतरी महिने चाललं, दोघांचं जुनं भांडण, त्यात विषही नव्हतं. फोरमन तिला म्हणायचा, “तुझा खडू संपत कसा नाही गं?” ती म्हणायची, “तुझं फडकं फाटत नाही तोवर नाही.” हे बाई मला सांगायच्या, परिपत्रकी भाषेत, तरी मजा यायची.

एका मासिक सभेत मोठे साहेब म्हणाले, आपण ठरल्यापेक्षा जास्त पंप केले. टाळ्या झाल्या. टाळ्या संपता संपता मावशी बसल्या जागेवरून बोलली. आधी तिच्या भाषेत, की फुल्या मारलेले पंप त्यांत धरले की सोडले? साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, “आम्ही!” आपल्या भाषेत, माझ्याकडे बघून, हसत. मीही हसलो. बाकी हॉलमधल्या इथल्या माणसांना काही कळलं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. न कळलेला शब्द शिवीपेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावून अर्थ विचारला गेला. त्या बिचाऱ्यांनी पुस्तकी चोख अर्थ सांगितला: ‘आम्ही, तुम्हांला वगळून.’ झालं! परक्या पाहुण्यांच्या भाषेत कारखान्याची टिंगल, कामगारांत आम्ही-तुम्ही अशी फूट. तो शब्द तिला कुणी शिकवला, हे मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या सभेत तिच्याविरुद्ध ठराव यायचा होता. इथे कुणाला काढत नाहीत म्हटलं ना, ते खरं आहे. हलवतात. लेथवरून काढून अंगणात चुरा गोळा करायला. चाळीस वर्षं ज्या हातांनी धार लावली त्या हातांत फावडं. सभेच्या आधी साहेबांनी मला बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. पाहुण्या कामगारांच्या वतीने तुम्ही चार शब्द बोललात तर बरं दिसेल, म्हणाले. धमकी नाही, दबाव नाही. मला नाही म्हणता आलं असतं, चिमणे. पण सव्वा वर्षात मी एकाही सभेत उभा राहिलो नव्हतो. हजार हजार माणसं हलवणारा तुझा दादा, आणि इथे मला नीट तिखट-मीठ मागता येत नाही! समोर तीनशे माणसांचा हॉल, व्यासपीठ, माईक. मासा पाण्याकडे जातो तसा मी गेलो.

आणि मी मनाशी एक हुशारी ठरवली. ऐक आणि पोटभर हस. मी आपल्या भाषेत बोलणार, बाई भाषांतर करणार. म्हणून मी ठरवलं की भाषणभर ‘आम्ही’ म्हणायचं. आम्ही शिस्त पाळतो, आम्ही एकजूट राखतो, आम्ही या ठरावाच्या मागे उभे आहोत. लेथवरच्या खेळात ‘आम्ही’ म्हणजे ती वरची मंडळी, आपण नव्हे. मावशीला खूण पटेल. हा गडी वरवर त्यांचं बोलतोय, आतून माझ्या बाजूचा आहे, हे तिला कळेल. साहेबही खूश आणि मावशीही. दोन्ही दगडांवर पाय! बोललोही झकास. आवाज लागला, हात उठला, टाळी पडली. बाईंनी त्याचं भाषांतर केलं तेव्हा माझ्या ‘आम्ही’तला बारकावा हवेत विरला, कारण तो ठेवायला त्यांच्या भाषेत जागाच नाही. तीनशे माणसांनी एवढंच ऐकलं की परदेशातून आलेला कामगारही या ठरावाच्या मागे उभा आहे.

मावशी भिंतीला लागून एकटी उभी होती. मी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. ती हसली नाही. बाई आणि आपली मंडळी सोडली तर हॉलभर माणसांत माझा एक शब्द मुळातून समजणारी तीच एकटी होती, आणि तिने त्याचा अर्थ मीच शिकवला होता तसा लावला: तुला सोडून. व्याकरण तिचं बरोबर होतं. मी त्या सगळ्यांसोबत उभा राहून तिच्याकडे बघत ‘आम्ही’ म्हणालो तर त्याचा दुसरा अर्थ होतो कुठे? भाषा माझी, आणि चूक मी केली. मी जागेवर येऊन बसल्यावर हात वर करायला सांगितलं. हात मोजणारी मुलगी कागदावरून मानही वर करत नव्हती, बेरीज तिने आधीच लिहिली होती. मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माझ्या शेजारी फोरमन बसला होता. त्याचाही हात वर होता, आणि तो रडत होता. त्या हॉलमध्ये असे किती असतील कोण जाणे! मावशीला कुणी बोलायला सांगितलं नाही. विसरले असं नव्हे. एकमत झाल्यावर विचारायचं काय राहतं?

दुसऱ्या दिवशी मी दुभाषीणबाईंचे पाय धरले. म्हटलं, तिला सांगा, मला तसं म्हणायचं नव्हतं. बाई पहिल्यांदाच साध्या माणसासारखं बोलल्या. “काय सांगू तिला? तुमच्या दोन शब्दांतला फरक आमच्याकडे नाही. आणि तिला तर तो कळलाय.” शेवटी मी एकटाच अंगणात गेलो. मावशी आणि आणखी दोन बाया फावड्याने चुरा गाडीत भरत होत्या. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, “मावशी, आपण.” तिने मला शांतपणे वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागाने नाही. मग फावडं टेकवलं, त्या दोघींकडे आणि स्वतःकडे बोट फिरवलं, आणि म्हणाली, “आम्ही.” उच्चार अगदी शुद्ध होता. आणि परत कामाला लागली.

तेव्हापासून मला आपला हॉल आठवतो, चिमणे. इथला नाही, आपला. नऊ वर्षं मी तिथे सेक्रेटरी होतो, आणि प्रत्येक ठरावाखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘एकमताने मंजूर’. तीन माणसं चहाला बसली तर साखर किती यावर ज्यांची चार मतं होतात, त्या आपल्या लोकांचं नऊ वर्षं एकमत? मला ते कधी खटकलं नाही. उलट मिरवलं. तुला तो रंगारी आठवतो का? एका ठरावाला त्याने एकट्याने विरोधात हात वर केला होता. मी माईकवरून म्हणालो होतो, “बरं झालं हात वर केलास, काखेला जरा वारा लागला.” सभा खो खो हसली, तूही हसलीस, तो लालबुंद होऊन बसला आणि पुन्हा कधी सभेला आला नाही. तेव्हा तिथे ना वरून आलेला आकडा होता, ना मोठे साहेब. मीच होतो. ज्या गोष्टीचं खापर मी या देशावर फोडायला निघालो होतो ती मी सोबत ट्रंकेत घेऊन आलो होतो.

आता तुझा ठराव. त्याचं पहिलं वाक्य आहे, ‘आम्ही सर्व कामगार एकमताने’. सभा अजून व्हायची आहे, चिमणे, आणि एकमत आधीच लिहून तयार! तू सगळं लिहिलंस. फोटो कुणी काढला, कुठे लावला, रांगेत पहिला कोण होता. पण मिस्त्री आत गेला आणि दोन तासांनी बाहेर आला, या दोन तासांबद्दल तुझ्या चार पानांत एक ओळ नाही. त्याने त्या दिवशी मशीन चालवलं नाही हेही तूच लिहितेस. मग तो आत का गेला? मला माहीत नाही. पोटासाठी गेला असेल, भीतीने गेला असेल, मालकाने फितवलं असेल, किंवा असं काही असेल जे आपल्या दोघांच्या डोक्यात येणार नाही. त्याला कुणी विचारलं? तू म्हणतेस, विचारायचं काय, फोटो आहे. अगं, फोटोत माणूस आत जाताना दिसतो, का जातो ते दिसत नाही. तुला लेथवर पहिल्यांदा उभं केलं तेव्हा बाईमाणसाचं इथे काय काम म्हणून सगळा शॉप ओरडत होता. त्या दिवशी तुझ्या बाजूने कोण बोललं होतं त्याची मी आठवण करून देणार नाही. तुझ्या पत्रात त्याला तू ‘तो गद्दार’ म्हणतेस. आतापर्यंत काका म्हणायचीस.

तू मागितलेलं पत्र मी लिहिलं होतं. चार पानं, जळजळीत, सभा पेटली असती याची खात्री आहे. ते फाडलं आणि हे लिहायला बसलो, कारण रविवारी त्या हॉलमध्ये भिंतीला लागून एक माणूस उभा असेल, आणि व्यासपीठावर माझ्याहून चांगलं बोलणारी माझीच बहीण असेल. मिस्त्रीला माफ कर असं मी म्हणत नाही. तो खरंच विकला गेला असेल तर काढा त्याला, माझंही मत त्यात धर. संप फोडणाऱ्याला क्षमा करायला मी साधू झालेलो नाही. पण मी मावशीला जे केलं ते तू त्याला करू नकोस. तुझी ताकद मला माहीत आहे. तू एकदा बोललीस की त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला बोलायला जागा उरत नाही. म्हणून रविवारी सभा सुरू झाली की ठराव वाचू नकोस, भाषण करू नकोस, माझं नावही घेऊ नकोस. आधी मिस्त्रीला व्यासपीठावर बोलाव, माईक त्याच्या हातात दे आणि त्याचं बोलून होईपर्यंत तू खाली बसून ऐक.

तुझाच,
दादा